मेक रँडकॉन्फिग : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

लिनक्स कर्नेलचा, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचा, सोर्स (मूळ कोड) उतरवून घेतला की त्याच्या पोटात एक साधन आपसूक येते. ते चालवायला ‘मेक रँडकॉन्फिग’ एवढी एकच आज्ञा पुरते. कर्नेलमधले हजारो पर्याय हे साधन नाणेफेक केल्यासारखे चालू किंवा बंद करते, कोणता पर्याय कोणावर अवलंबून आहे याचे नियम मात्र सांभाळते, आणि आपण होऊन कधीच निवडली नसती अशी एक कॉन्फिगरेशन फाइल आपल्या हाती ठेवते. मी नागपुरात मिहानमधल्या एका छोट्या कंपनीत एम्बेडेड लिनक्सचे, म्हणजे उपकरणांच्या आत चालणाऱ्या लिनक्सचे, काम करतो. आमच्या उपकरणाच्या कर्नेलमध्ये ट्रेसिंगच्या कोडला आम्ही स्वतःची थोडी जोड दिलेली आहे, आणि गेले दीड वर्ष त्या जोडीतला प्रत्येक बदल रँडकॉन्फिगच्या चाळणीतून काढल्याशिवाय बाहेर पाठवायचा नाही, असा नियम आम्ही पाळत आलो आहोत. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

ट्रेसिंगच्याच कोडला अशी चाळणी का लागते, ते आधी सांगायला हवे. चालू कर्नेलच्या आत कोणते फंक्शन केव्हा बोलावले गेले, इंटरप्ट (प्रोसेसरचे चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) किती वेळ बंद राहिले, एखादी प्रक्रिया जागी झाल्यावर तिला प्रत्यक्ष प्रोसेसर मिळायला किती वेळ लागला, हे सगळे नोंदवून ठेवण्याचे काम हा कोड करतो. ही सोय प्रत्येकाला हवी असते असे नाही. म्हणून तिचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा पर्याय ठेवलेला आहे. फंक्शन ट्रेसर, फंक्शन ग्राफ ट्रेसर, इंटरप्ट बंद असण्याचा ट्रेसर, वेकअप ट्रेसर, स्नॅपशॉट, केप्रोब इव्हेंट, हिस्टोग्राम ट्रिगर अशी ही यादी लांबत जाते. ट्रेसिंगच्या मुख्य हेडर फाइलमध्ये, म्हणजे इतर फाइलींना फंक्शनांची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, पाहिले तर ‘हा पर्याय चालू असेल तर हे, नसेल तर ते’ अशा अटींची दाटी दिसते. शिवाय हा कोड शेड्युलर, मेमरी, इंटरप्ट, मॉड्यूल अशा सर्व विभागांत शिरलेला असल्यामुळे एका बाजूला केलेली चूक भलत्याच ठिकाणी डोके वर काढते.

एका पर्यायाचे वजन किती असू शकते, याचे उदाहरण ट्रेसिंगच्या अगदी पहिल्या पावलावरच घडलेले आहे. एफट्रेस ही ट्रेसिंगची यंत्रणा ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या २.६.२७ या आवृत्तीतून मुख्य कर्नेलमध्ये आली. त्या आवृत्तीच्या चाचणीच्या काळात ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या काही नेटवर्क कार्डांची स्वतःची कायमस्वरूपी मेमरी बिघडू लागली आणि कार्डे निकामी होऊ लागली. सुरुवातीला सर्वांचा संशय नेटवर्कच्या ड्रायव्हरवर होता. शोध पूर्ण झाला तेव्हा मूळ ‘डायनॅमिक एफट्रेस’ या पर्यायात निघाले, कारण तो पर्याय चालत्या कोडमधल्या सूचना बदलण्यासाठी ज्या पत्त्यांवर लिहीत होता, त्यांतले काही पत्ते तोपर्यंत दुसऱ्याच कामाला दिले गेले होते. त्यानंतर लगेच आलेल्या २.६.२७.१ या आवृत्तीने हा एक पर्याय बंद केला. तो दोष बिल्डचा, म्हणजे सोर्सपासून कर्नेल बांधण्याच्या कामातला, नव्हता, चालत्या कर्नेलचा होता. तरीही ट्रेसिंगमधला कोणता पर्याय चालू आणि कोणता बंद, हा प्रश्न किती गंभीर असतो हे मला त्या हकिगतीवरून पहिल्यांदा कळले.

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो, कारण या साधनाकडे आम्ही वळलो ते त्यामुळेच. आमच्या उपकरणात बिघाड झाला की त्या क्षणापर्यंतच्या ट्रेसची प्रत गोठवून बाजूला ठेवावी, यासाठी कर्नेलच्या स्नॅपशॉट सोयीवर आधारलेले एक छोटे फंक्शन मी लिहिले होते. फंक्शनची व्याख्या ट्रेसिंगच्या फोल्डरमध्ये, स्नॅपशॉटचा पर्याय चालू असेल तरच कंपाइल होईल अशा अटीच्या आत होती. त्याचे नाव हेडरमध्ये विनाअट जाहीर केलेले होते, आणि ते बोलावणारा कोड आमच्या ड्रायव्हरमध्ये होता. आमच्याकडे महिनोन्महिने सगळे सुरळीत चालू होते. मग ग्राहकाने आमचा सोर्स घेऊन स्वतःच्या कॉन्फिगरेशनने कर्नेल बांधायला घेतला. अर्धा तास कंपाइल होऊन अगदी शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, लिंकरने ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून काम थांबवले. माझ्यासोबत काम करणारा मुलगा स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘सर, माझ्याकडे तर बिल्ड होऊनच राहिलं, त्यांनीच काहीतरी केलं असेल.’’

त्यांनी काही चुकीचे केलेले नव्हते. त्यांना वेकअप ट्रेसर नको होता, म्हणून त्यांनी तो बंद केला, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. गोम अशी की वेकअप ट्रेसरचा पर्याय ‘सिलेक्ट’ या शब्दाने स्नॅपशॉटला आपोआप चालू करतो. आमच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्नॅपशॉट चालू होता तो या मागच्या दाराने, आम्ही स्वतः तो कधीच निवडलेला नव्हता. पर्याय निवडण्याच्या मेनूकॉन्फिग या पडद्यावर अशा पर्यायासमोरचा तारा दोन आडव्या रेघांच्या मध्ये दिसतो. हा दुसऱ्याने चालू केलेला आहे, तुम्हाला येथून बंद करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. ती खूण आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्ही कधी वाचली नाही. त्यात भर म्हणजे आम्ही कॉन्फिगरेशन ‘सेव्हडेफकॉन्फिग’ वापरून आटोपशीर रूपात जतन करत होतो, आणि जो पर्याय दुसऱ्यामुळे आपोआप चालू होतो तो या आटोपशीर फाइलमध्ये लिहिलाच जात नाही. म्हणजे ज्या पर्यायावर आमचा सगळा डोलारा उभा होता, त्याचे नाव आमच्या फाइलमध्ये शोधूनही सापडले नसते.

पुढची दुरुस्तीही सरळ झाली नाही. पहिल्यांदा त्या मुलाने फंक्शन बोलावणारी ओळ अटीच्या आत टाकली. त्यामुळे स्नॅपशॉट बंद असताना त्या ओळीसाठी जाहीर केलेले चल विनावापर उरले आणि कंपायलरने इशारा दिला. इशाऱ्यांनाच चूक मानायला लावणारा ‘वर्रर’ हा पर्याय २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आहे, आणि ग्राहकाने तो चालू ठेवलेला होता. बिल्ड पुन्हा अडले. मग मी स्वतः आमच्या पर्यायातून स्नॅपशॉटला ‘सिलेक्ट’ करून टाकले. ग्राहकाचे बिल्ड झाले आणि मला वाटले, प्रश्न मिटला. तीन आठवड्यांनी त्यांनी विक्रीच्या उपकरणांसाठी ट्रेसिंग पूर्णपणे बंद केलेले कॉन्फिगरेशन बांधले. आधी इशारा आला की स्नॅपशॉटच्या डिपेंडन्सी, म्हणजे तो ज्यांवर अवलंबून आहे ते पर्याय, पूर्ण होत नाहीत, आणि त्यामागोमाग लिंकरची तीच जुनी तक्रार. ‘सिलेक्ट’ हा शब्द दुसऱ्या पर्यायाला जबरदस्तीने चालू करतो आणि त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पाहत नाही. कर्नेलच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे, मी ते वाचलेलेही होते, आणि घाईत त्याकडे डोळेझाक केली. हेडरला वाटत होते स्नॅपशॉट आहे, पण ट्रेसिंगचा मुख्य कोड कंपाइलच झाला नव्हता.

टिकणारी दुरुस्ती तिसऱ्या खेपेस झाली. ‘सिलेक्ट’ काढून टाकला, ड्रायव्हरमधली अट काढून टाकली, आणि हेडरमध्ये दोन रूपे ठेवली. स्नॅपशॉट चालू असेल तर खऱ्या फंक्शनची जाहीर ओळ, आणि बंद असेल तर ‘ही सोय उपलब्ध नाही’ अशा अर्थाची चूक-संख्या परत देणारे दोन ओळींचे ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शन, ज्याला आम्ही स्टब म्हणतो. त्यामुळे बोलावणाऱ्या कोडला काहीच ठाऊक असण्याची गरज उरली नाही. येथे एक बारकावा सांगून ठेवतो, कारण तो शिकायला आम्हाला आणखी एक दिवस लागला. स्टब लिहिताना ‘इनलाइन’ हा शब्द लिहायचा राहून गेला तर ते हेडर घेणाऱ्या पण फंक्शन न वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये ‘विनावापर फंक्शन’ असा इशारा येतो, आणि ‘स्टॅटिक’ही राहून गेला तर जोडणीच्या वेळी एकाच फंक्शनच्या अनेक व्याख्या सापडून लिंकर थांबतो. मुख्य कर्नेलने स्वतःच्या सार्वजनिक स्नॅपशॉट फंक्शनसाठी वेगळी वाट निवडली आहे. पर्याय बंद असतानाही ते फंक्शन अस्तित्वात असते आणि कोणी बोलावलेच तर चालत्या कर्नेलमध्ये एकदा इशारा छापते. दोन्ही वाटा योग्य आहेत, पण कोणतीतरी एक ठरवून घेतलेली असावी लागते.

या तीनही अपयशांत एक गोष्ट समान होती. आमच्या टेबलावरच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्यांतले एकही दिसले नसते. आम्ही एक कॉन्फिगरेशन शंभर वेळा बांधत होतो, आणि गरज शंभर कॉन्फिगरेशन एकेकदा बांधण्याची होती. रँडकॉन्फिग नेमके हेच काम करते.

पण पहिल्या आठवड्यात या साधनाने माझी निराशा केली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मी जुना, चुकीचा कोड परत आणून वीस यादृच्छिक बिल्ड लावले, आणि त्यांतल्या एकानेही आमचा दोष पकडला नाही. कारण हिशेब मांडल्यावर समजले. साधन सहसा प्रत्येक पर्यायाला चालू होण्याची निम्मी संधी देते. ट्रेसिंगचा मुख्य पर्यायच निम्म्या वेळा बंद निघतो, त्याच्या पोटातला पर्याय उरलेल्यांपैकी निम्म्या वेळा, आणि तिसऱ्या पातळीवरचा पर्याय जेमतेम आठात एकदा दिसतो. त्याहून महत्त्वाचा परिणाम ‘सिलेक्ट’चा होतो. स्नॅपशॉट बंद निघायचा असेल तर तो स्वतः बंद हवाच, शिवाय त्याला ओढून चालू करणारे इंटरप्टचा, प्रीएम्प्शनचा आणि वेकअपचा असे तीनही ट्रेसर बंद हवेत. सोयीसाठी चौघांची संधी सारखी धरली तर हा योग सोळात एकदा येतो. वीस बिल्डमध्ये तो एकदाही न येण्याची शक्यता सत्तावीस टक्क्यांहून अधिक भरते, पन्नासांत चार टक्के, आणि शंभरांत ती नगण्य होते. आमच्या वाट्याला ते सत्तावीस टक्के आले होते. आमचा स्वतःचा पर्याय चालूच राहील अशी सोय मी त्या वेळी केलेली नव्हती, त्यामुळे खरी संधी याहूनही कमी होती.

सर्व शक्यता तपासाव्यात असे कोणाला वाटेल, म्हणून तोही हिशेब देतो. केवळ वीस पर्याय घेतले तरी त्यांच्या १०,४८,५७६ जुळण्या होतात, आणि एका बिल्डला एक मिनिट धरले तर हे काम ७२८ दिवस चालेल. त्यामुळे नाणेफेकीला पर्याय नाही. नाणे कसे उडवायचे, एवढेच आपल्या हाती आहे, आणि रँडकॉन्फिगचा खरा गुण तेथे दिसतो.

त्यासाठी दोन सोयी आहेत, आणि दोन्ही पर्यावरण-चलांमधून, म्हणजे आज्ञा चालवताना तिला बाहेरून दिलेल्या मूल्यांमधून, द्याव्या लागतात. पहिली ‘केकॉन्फिग ऑलकॉन्फिग’. काही पर्याय एका लहानशा फाइलमध्ये लिहून तिचा पत्ता या चलात दिला की तेवढे पर्याय नाणेफेकीतून वगळले जातात आणि आपण लिहिले तसेच राहतात. आमच्या फाइलमध्ये ट्रेसिंगचा मुख्य पर्याय, फंक्शन ट्रेसर, आमचा ड्रायव्हर आणि ‘वर्रर’ चालू ठेवलेले आहेत, तर डीबग माहिती बंद ठेवलेली आहे, कारण तिच्यामुळे जोडणीला उगाच वेळ आणि डिस्कवर जागा जाते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एखादा पर्याय या फाइलमध्ये लिहिला आणि तो ज्यावर अवलंबून आहे तो लिहिला नाही, तर वरचा पर्याय नाणेफेकीत बंद निघताच आपण लिहिलेला पर्याय गुपचूप गळून पडतो. साधन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून प्रत्येक वेळी तयार झालेल्या कॉन्फिगरेशनमध्ये आपले पर्याय खरोखर शिल्लक आहेत का, हे आमची स्क्रिप्ट आधी तपासते आणि नसतील तर ती फाइल टाकून देऊन पुढची घेते.

दुसरी सोय ‘केकॉन्फिग प्रॉबेबिलिटी’. नाण्याची एक बाजू जड करणे हे तिचे काम. तिथे १० लिहिले की प्रत्येक पर्याय चालू होण्याची संधी दहा टक्क्यांवर येते. आमच्या दोषाच्या बाबतीत याचा परिणाम पाहा. चारही पर्याय एकाच वेळी बंद राहण्याची शक्यता सोळात एक होती, ती ६५ टक्क्यांच्या वर गेली. पहिल्याच रात्री, दुसऱ्याच बिल्डमध्ये, लिंकरने आमच्या फंक्शनचे नाव घेऊन तक्रार केली. त्या सकाळी झालेला आनंद मी विसरलेलो नाही. जोडीला दुसरा फायदाही मिळतो. बहुतेक पर्याय बंद असल्यामुळे कर्नेल लहान होतो आणि माझ्या आठ कोरच्या मशीनवर चार-पाच मिनिटांत पूर्ण बांधून होतो. ट्रेसिंगमधले बिल्डचे दोष मुख्यतः काहीतरी बंद असताना उघडे पडतात, असे माझे निरीक्षण आहे. कोड लिहिणारा माणूस सगळे चालू ठेवून लिहितो, त्यामुळे नसलेल्या गोष्टींची त्याला कल्पना येत नाही. म्हणून या विषयापुरती तरी कमी संधीची नाणेफेक मला सर्वात फलदायी वाटते. आठवड्यातून एक रात्र मात्र आम्ही आकडा ७० वर नेतो, कारण दोन पर्याय एकत्र चालू असताना होणारे दोषही असतातच.

पूर्ण कर्नेल बांधण्याचा आग्रह का, असे विचारले जाईल. फक्त ट्रेसिंगचे फोल्डर बांधण्याची आज्ञा देता येते आणि तिला फार कमी वेळ लागतो. विसरलेले हेडर, विनावापर चल, न जुळणारे प्रकार या चुका तेवढ्यात सापडतात. पण ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही चूक सगळे तुकडे एकत्र आल्याशिवाय दिसतच नाही, आणि आम्हाला सतावणारी चूक तीच होती. म्हणून दिवसा काम करताना फोल्डर आणि रात्री पूर्ण कर्नेल, अशी विभागणी आम्ही ठेवली आहे. रात्रीची निवड नागपूरच्या उन्हाळ्यामुळेही झाली. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिसावर असताना आठही कोर पूर्ण ताकदीने चालवले की कूलरसमोर ठेवलेले मशीनही तापते, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि पाच मिनिटांचे बिल्ड आठ मिनिटांवर जाते. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात आमचे ऐंशीच्या आसपास बिल्ड होतात.

आता उणिवा. सर्वात मोठी अडचण गोंगाटाची आहे. यादृच्छिक कॉन्फिगरेशनमध्ये आपल्याशी काहीही संबंध नसलेल्या ड्रायव्हरचे दोषही वर येतात, विशेषतः आमच्यासारखे उत्पादकाचा जुना कर्नेल वापरत असतील तर. सकाळी सहा बिल्ड पडलेले दिसतात आणि त्यांतले आपले कोणते हे साधन सांगत नाही. यावर आम्ही काढलेला उपाय असा की बिल्ड पडले की तीच कॉन्फिगरेशन फाइल घेऊन आमचे बदल नसलेला मूळ सोर्स वेगळ्या फोल्डरमध्ये बांधायचा. तिथेही तेच पडले तर ते बाजूला टाकायचे, तिथे झाले आणि आमच्याकडे पडले तर तो दोष आमचा. पाटी कोरी असल्याशिवाय तिच्यावर काय लिहिले ते वाचता येत नाही, तसे हे आहे.

दुसरी अडचण सीडची. साधन चालवताच ते ज्या आकड्यावरून नाणेफेक सुरू झाली तो सीड छापते, आणि तोच सीड परत दिला की तीच फाइल मिळते. हे वाचून आम्ही सुरुवातीला फक्त सीड लिहून ठेवत होतो. सोर्समध्ये एखादा पर्याय वाढला किंवा कमी झाला की तोच सीड वेगळी फाइल देतो, हे नंतर लक्षात आले. शिवाय २०१८ मधल्या ४.१८ आवृत्तीपासून कॉन्फिगरेशनची यंत्रणा कंपायलरला काय काय जमते हेही तपासते, त्यामुळे कंपायलर बदलला तरी निकाल बदलू शकतो. पडलेल्या बिल्डची पूर्ण कॉन्फिगरेशन फाइल जपून ठेवणे, हाच भरवशाचा मार्ग आहे. सीड लिहून त्या मुलाने मला तीन दिवसांनी दाखवलेला एक दोष आम्हाला आजतागायत पुन्हा उभा करता आलेला नाही, याची खंत मला आहे.

तिसरी गोष्ट उणीव म्हणण्यापेक्षा मर्यादा आहे. रँडकॉन्फिग कर्नेल बांधून होतो की नाही एवढेच दाखवू शकते. तो बोर्डावर सुरू होईल की नाही, हे कळायला प्रत्यक्ष बोर्डच लागतो, आणि यादृच्छिक कर्नेलमध्ये बहुधा त्या बोर्डाचा सीरियल पोर्टही बंद असतो.

सुरू न होणाऱ्या कर्नेलमागे कोणता पर्याय आहे, हे शोधण्यासाठी त्याच सोर्समध्ये ‘केटेस्ट’च्या फोल्डरात ‘कॉन्फिग-बायसेक्ट’ नावाची पर्ल स्क्रिप्ट आहे. तिच्याबद्दल थोडक्यात लिहितो. केटेस्ट हे साधन स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेले आहे, आणि एफट्रेसचे जनक आणि मेंटेनरही (तो कोड सांभाळणारेही) तेच आहेत, त्यामुळे ट्रेसिंग करणाऱ्यांच्या गरजा त्यात बरोबर उतरल्या आहेत. एक चालणारी आणि एक न चालणारी अशा दोन कॉन्फिगरेशन फाइली तिला दिल्या की ती दोघांमधला फरक निम्मा निम्मा करत जाते, प्रत्येक पायरीला आपण कर्नेल बांधून ‘चालला’ किंवा ‘नाही’ एवढे सांगायचे, आणि शेवटी एक पर्याय उरतो. तीनशे पर्यायांचा फरक असेल तर साधारण नऊ पायऱ्या होतात. डिपेंडन्सीमुळे एखादी कमी-जास्त होते.

आमचा एक बोर्ड ट्रेसिंगच्या नव्या कॉन्फिगरेशनने सुरूच होत नव्हता. स्क्रिप्टने दुपारभरात फंक्शन ट्रेसरकडे बोट दाखवले. ते बरोबरही होते आणि अपुरेही. त्या ६४-बिट आर्म कर्नेलमध्ये फंक्शन ट्रेसर चालू केला की ट्रेस करता येण्याजोग्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला दोन रिकाम्या सूचना, म्हणजे आठ बाइट, राखून ठेवल्या जातात, आणि त्या जागांच्या पत्त्यांची यादी प्रत्येकी आणखी आठ बाइट घेते. आमच्या कर्नेलमध्ये अशी तीस हजारांच्या घरात फंक्शने असल्यामुळे जवळजवळ पाच लाख बाइटांची भर पडली आणि कर्नेलची फाइल फ्लॅशवर तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावेनाशी झाली. ट्रेसरमध्ये काही दोष नव्हता. स्क्रिप्ट पर्यायाचे नाव देते, कारण आपल्यालाच शोधावे लागते, ही जाणीव ठेवून वापरली तर ती फार उपयोगाची आहे.

मुख्य कर्नेलमध्ये थेट पॅच पाठवणाऱ्यांना हे सगळे स्वतः करावे लागेलच असे नाही. इंटेलचा कर्नेल टेस्ट रोबोट सार्वजनिक शाखांवर यादृच्छिक कॉन्फिगरेशनचे बिल्ड करून दोष सापडला की कॉन्फिगरेशन फाइलसह कळवतो, आणि आर्न्ड बर्गमन यांच्यासारखे अनुभवी मेंटेनर वर्षानुवर्षे रँडकॉन्फिगमधून निघालेल्या चुका दुरुस्त करत आलेले आहेत. पण आमच्यासारखा कोड, जो एका उपकरणापुरता आहे आणि बाहेर जात नाही, तो त्या रोबोटच्या नजरेस कधी पडत नाही. विदर्भात आणि एकूणच महाराष्ट्रात एम्बेडेडचे काम करणाऱ्या बहुतेक छोट्या कंपन्या याच परिस्थितीत असतात. त्यांच्यासाठी हे साधन सर्वात जास्त मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांचे काम फक्त मॉड्यूल लिहिण्याचे आहे आणि कर्नेल एका तयार डिस्ट्रिब्यूशनचाच राहणार आहे, त्यांना रँडकॉन्फिगचा फारसा उपयोग होणार नाही, कारण त्यांच्यापुढे एकच कॉन्फिगरेशन असते. जो स्वतःचा कोड ट्रेसिंगसारख्या अटींनी भरलेल्या भागात मिसळतो आणि तो दुसऱ्याला बांधायला देतो, त्याने मात्र ते वापरावे. पैसे लागत नाहीत, वेगळे काही बसवावे लागत नाही, लागतो तो एका जुन्या मशीनचा रात्रीचा वेळ आणि साठ-सत्तर ओळींची स्क्रिप्ट. पाचपैकी गुण द्यायचे तर मी चार देईन. एक गुण कापतो तो फाइलमध्ये लिहून ठेवलेला पर्याय गुपचूप गळून पडतो त्याबद्दल, कारण त्यामुळे आमचे पहिले दोन आठवड्यांचे बिल्ड आमचा ड्रायव्हर न घेताच हिरवे दिसत होते, आणि ते हिरवे पाहून आम्ही निश्चिंत झालो होतो.

सुरुवात करणाऱ्याने पहिल्या रात्री आपला जुना, आधीच सापडलेला एखादा बिल्डचा दोष मुद्दाम परत घालावा, संधीचा आकडा १० ठेवावा आणि वीस बिल्ड लावावेत. सकाळी तो दोष पकडला गेलेला नसेल, तर नव्या कोडकडे वळण्याआधी तयार झालेल्या कॉन्फिगरेशन फाइली उघडून आपले पर्याय त्यांत आहेत का, ते पाहावे. आमच्याकडे नवा मुलगा आला की त्याचे पहिले काम आता हेच असते. मागच्या महिन्यात आलेल्या मुलीने तिसऱ्या दिवशी माझ्याच गेल्या वर्षीच्या कोडमधला एक चुकलेला स्टब त्यातून काढून दाखवला, आणि त्याच संध्याकाळी तिचा पॅच आम्ही आमच्या शाखेत घेतला.